मोठ्या माणसांना पत्र : नेम धरण्यापासून टपालपेटीपर्यंत

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, जन्म १९३८ चा. शाळकरी पोरांनी सहीसाठी वही पुढं केली की ते सही द्यायचं टाळत आणि पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तर ते स्वतः लिहीत आणि त्याखाली सही आपसूक यायची. मोठ्या माणसाला पत्र कसं लिहावं याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे. मजकूर थोडा, प्रश्न एक, आणि समोरच्याला चहा पिता पिता उत्तर लिहिता येईल असा. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, आणि 'एकदा लिहायचं होतं राव' म्हणणारे बरेचजण भेटले.

महिन्याला एक पत्र, ज्याच्या कामाबद्दल आदर वाटतो त्याला, असा नेम करायचा असेल तर पुढचं सगळं त्यासाठी. एक धोरण आधीच ठरवून टाका: पत्र उत्तराच्या आशेनं लिहायचं नाही, पण उत्तर देणं सोपं जाईल असंच लिहायचं. यादी, पत्ता, मजकूर, तिकीट हे सगळं त्यावरूनच ठरतं.

आधी यादी, आणि ती वयानुसार

साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर बारा नावं लिहा. पहिल्या झटक्यात जी नावं येतील ती बहुतेक क्रिकेटवाल्यांची आणि सिनेमावाल्यांची असतील. त्यांतली एक-दोन ठेवा, बाकीची खोडा. त्यांच्याकडं पत्रांचा ढीग पडतो आणि तो त्यांच्या हातात जाईलच असं नाही.

मग स्वतःला विचारा : गेल्या वर्षभरात कुणाच्या कामाचा मला खरोखर उपयोग झाला? आता वेगळीच नावं निघतील. ज्यांचा अनुवाद तुम्ही दोनदा वाचलात ते अनुवादक. आकाशवाणी सांगलीवर ज्यांचा आवाज ऐकत तुमच्या घरात सकाळचा चहा झाला ते निवेदक. एखादा शाहीर, पाठ्यपुस्तकातल्या चित्रांचा चित्रकार, किल्ल्यांवर लिहिणारा अभ्यासक, तालमीतले वस्ताद. हीसुद्धा सार्वजनिक जीवनातलीच माणसं आहेत, फक्त त्यांच्या दारात कॅमेरे नसतात.

खेळाडूंबाबत माझं एक मत आहे. पदक मिळालेल्या आठवड्यात लिहू नका. त्या आठवड्यात सगळं गाव लिहितं, मिरवणूक निघते, चौकाचौकात फ्लेक्स लागतात. नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. त्याच वर्षी जलतरणपटू वीरधवल खाडेनं आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. दोघंही कोल्हापूरचे. अशा माणसांना पंधरा वर्षांनी एखादं पत्र गेलं, 'तुमची ती शर्यत मला अजून आठवते' म्हणणारं, तर ते मिरवणुकीतल्या हारांपेक्षा जास्त दिवस जवळ राहील, असं मला वाटतं.

यादी झाली की प्रत्येक नावापुढं अंदाजे वय टाका आणि सगळ्यांत वयस्कर माणसाला पहिला नंबर द्या. गांधीजींनी टॉल्स्टॉयना पहिलं पत्र लंडनहून लिहिलं ते १ ऑक्टोबर १९०९ ला. टॉल्स्टॉय तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांचं उत्तर आलं, पुढं आणखी पत्रं झाली, आणि नोव्हेंबर १९१० मध्ये टॉल्स्टॉय गेले. गांधीजींनी 'बघू पुढच्या वर्षी' म्हटलं असतं तर हा पत्रव्यवहार जेमतेम झाला असता. तिशीतला गायक पुढच्या वर्षीही असणार आहे. त्याला थांबू दे.

यादीत घेऊ नयेत अशीही काही नावं असतात. ज्या न्यायाधीशांपुढं तुमची किंवा नात्यातल्या कुणाची केस आहे ते, आणि ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमची फाईल अडकली आहे तो. कौतुक खरं असलं तरी ते तसं वाचलं जाणार नाही. राजकारण्यांना लिहायला हरकत नाही, पण त्यांच्या कार्यालयात आलेला कागद निवेदन समजूनच उघडला जातो. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा : 'या पत्रात कोणतंही काम किंवा मागणी नाही.' नाहीतर तुमच्या कौतुकाला आवक क्रमांक मिळून ते कुठल्यातरी खात्याकडं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' रवाना होईल.

पत्ता : घराचा नको, कामाचा

माणूस कितीही आवडता असला तरी त्याच्या घराचा पत्ता हुडकत बसू नका. ओळखीतून मिळाला तरी वापरू नका. अनोळखी माणसाचं पत्र थेट घरी आलं की कौतुकाआधी 'याला पत्ता दिला कुणी?' हाच प्रश्न पडतो.

लेखक, अनुवादक, चित्रकार यांच्यासाठी पुस्तकाचं आतलं पान उघडा. प्रकाशकाचा पूर्ण पत्ता तिथं असतो. पाकिटावर लेखकाचं नाव, त्याखाली 'द्वारा' लिहून प्रकाशनाचं नाव आणि पत्ता. प्रकाशक अशी पत्रं पुढं पाठवतात. मात्र त्यात वेळ जातो, महिना-दोन महिने धरून चला. काही मासिकं आणि दिवाळी अंक लेखकाचा संपर्क छापतात. तो वाचकांसाठीच दिलेला असतो, तेव्हा बिनधास्त वापरा. जुने अंक बघायचे तर करवीर नगर वाचन मंदिरासारखं ठिकाण दुसरं नाही. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. तिथल्या टेबलावर तासभर मासिकं चाळली तर यादीतली निम्मी नावं मार्गी लागतील.

पैलवान आणि वस्तादांना तालमीच्या पत्त्यावर लिहायचं. गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम एवढं लिहिलं तरी कोल्हापुरात पत्र पोचेल, तरी पेठ आणि पिनकोड टाकाच. खेळाडूंना त्यांच्या संघटनेच्या किंवा ते नोकरी करतात त्या खात्याच्या पत्त्यावर, शास्त्रज्ञांना आणि प्राध्यापकांना संस्थेच्या पत्त्यावर. खासदारांचे पत्ते लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात. आमदारांना विधान भवन, मुंबई ४०० ०३२ आणि राष्ट्रपतींना राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली ११० ००४ एवढं पुरतं.

बालकलाकार किंवा शाळकरी खेळाडू असेल तर पत्र आई-वडिलांच्या किंवा प्रशिक्षकांच्या नावानं. यात अपवाद करू नका.

मजकूर

खरी मेहनत इथं आहे. बहुतेकांचं पहिलं पत्र असं होतं :

'आपण महाराष्ट्राची शान आहात. आपल्या कार्यास मानाचा मुजरा. आपल्यापासून प्रेरणा घेऊन असंख्य युवक घडत आहेत. आपणांस उदंड आयुष्य लाभो हीच अंबाबाईचरणी प्रार्थना.'

यात खोटं काही नाही, पण ही फ्लेक्सवरची भाषा आहे. वरचं नाव बदललं तर हेच पत्र नगरसेवकाच्या वाढदिवसालाही चालेल. वाचणाऱ्याला यातून लिहिणारा कोण हे कळत नाही, आणि त्याच्या कामातलं काय पोचलं हेही नाही.

त्याऐवजी पुढचा मसुदा बघा. समजा स्वप्नील कुसाळेला लिहायचं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवणारा.

'श्री. स्वप्नील कुसाळे यांस, स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात एका पेढीवर हिशेब लिहितो. नेमबाजीतलं मला काही कळत नव्हतं. १ ऑगस्ट २०२४ ला तुमची अंतिम फेरी मोबाईलवर बघितली. गुडघ्यावर बसून आणि झोपून मारायचे नेम संपले तेव्हा तुम्ही पहिल्या तिघांत नव्हता. उभं राहून मारायची पाळी आली आणि तुम्ही वर सरकलात. त्या दिवसापासून महिनाअखेरीला ताळेबंद जुळेना झाला की मी घाई करत नाही. पेन खाली ठेवतो, पाणी पितो आणि पुन्हा पहिल्या पानापासून बघतो.

एकच विचारतो. एक नेम हुकला की पुढचा धरायच्या आधी तुम्ही नेमकं काय करता? सवडीनं दोन ओळी लिहिल्यात तर आनंद होईल. नाही जमलं तरी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं, एवढं पुरे.'

यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे ते सांगतो. पहिल्या वाक्यात मी कोण ते आलं. रामानुजननी १६ जानेवारी १९१३ ला केंब्रिजच्या हार्डींना लिहिलं तेव्हा सुरुवात अशीच होती : मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, वर्षाला वीस पौंड पगार. थोरवी नाही की रडगाणं नाही. त्यानंतर थेट गणित, पानंच्या पानं. त्याआधी बेकर आणि हॉब्सन या दोन नावाजलेल्या गणितज्ञांकडं लिहून काही निघालं नव्हतं.

दुसरा भाग म्हणजे त्यांच्या कामातली एक ठरावीक गोष्ट. 'तुमची सगळी पुस्तकं आवडतात' हे वाक्य लिहिणाऱ्यानं एकही पुस्तक वाचलेलं नसण्याची शक्यता असते, आणि लेखकांना ते लगेच कळतं. कुठल्या कथेतला कुठला प्रसंग, कुठल्या मैफलीतली कुठली बंदिश, हे लिहा. आठवत नसेल तर पत्राआधी पुस्तक परत उघडा. तिसरा भाग : त्यानं तुमच्याकडं काय बदललं. हिशेबाच्या वहीसारखं बारीक असलं तरी चालेल, उलट तेच बरं. 'आयुष्याला दिशा मिळाली' असलं वाक्य आलं की खोडा आणि कुठली दिशा ते लिहा. शेवटी एक प्रश्न, आणि उत्तर न देण्याची मोकळीक. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर फक्त तोच माणूस देऊ शकेल, आणि तेही दोन-चार ओळींत. 'यशाचं रहस्य काय?' याला उत्तर लिहायचं तर ग्रंथ लागेल, म्हणून कुणी लिहीत नाही.

लांबी एका पानाची, एकाच बाजूनं. अक्षर मोठं काढा. वि. स. खांडेकर राजारामपुरीत राहत तेव्हा महाराष्ट्रभरातून त्यांना वाचकांची पत्रं येत, पण अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. पत्र दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायचं. तुमच्या यादीतही सत्तरी-ऐंशीतली माणसं आहेत. बारीक अक्षरात ठासून भरलेलं अंतर्देशीय त्यांच्या घरातल्या कुणाला मोठ्यानं वाचायला लावू नका.

संबोधनाचं थोडक्यात. 'तीर्थरूप' आई-वडिलांसाठी ठेवा. अनोळखी मोठ्या माणसाला 'आदरणीय' किंवा नुसतं नाव आणि 'स. न. वि. वि.' शोभतं. कोल्हापुरात आपण दिसेल त्याला दादा, ताई करतो, पण पहिल्या पत्रात नको. उत्तराखाली त्यांनीच 'तुमची ताई' लिहिलं तर पुढच्या वेळी खुशाल लिहा. वस्तादांना 'वस्ताद' म्हणणं मात्र पहिल्या पत्रापासून बरोबर आहे, 'सर' म्हटलं तर तेच हसतील. आणि वयानं लहान असलेल्या खेळाडूलाही 'तुम्ही'च.

न लिहायच्या गोष्टी : नोकरी, शिफारस, पैसे, कार्यक्रमाचं निमंत्रण, 'माझ्या कविता सोबत जोडत आहे'. कविता जोडल्या की ते कौतुकाचं पत्र राहत नाही, काम होतं. बाईमाणसाला लिहिताना दिसण्याबद्दल एक अक्षर नको, कितीही सभ्य वाटलं तरी. आणि वस्तू पाठवू नका. आपला गूळ आणि आपली चप्पल जगात भारी असली तरी अनोळखी माणसाकडून आलेलं खोकं बहुतेक ठिकाणी उघडतसुद्धा नाहीत.

कागद, तिकीट, पेटी

पोस्टकार्ड ५० पैसे, अंतर्देशीय अडीच रुपये, आणि बंद पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढं वजनानुसार जास्त. नेहमीचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा असतो. म्हणजे एका पानाचं पत्र आणि पाकीट मिळून वजनाची चिंता नाही. तीन पानं घातलीत की पाकिटासकट २० च्या काठावर येता, मग खिडकीवर वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं तर तुटीच्या दुप्पट रक्कम पोस्टमन पत्र घेणाऱ्याकडून मागतो. आदरापोटी लिहिलेल्या पत्राचा भुर्दंड त्या माणसाला पडला, तर आत काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही.

पहिलं पत्र बंद पाकिटातून पाठवावं असं मी म्हणेन. आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड सरकवा. समोरच्याला कागद, पाकीट, तिकीट यांतलं काहीच शोधावं लागत नाही, दोन ओळी खरडून पेटीत टाकलं की झालं. कार्ड गोळा करून ठेवा, प्रत्येक पोस्टात नेहमी असतातच असं नाही. परदेशात पाठवताना हे कार्ड चालत नाही, तिथं ईमेलचा पत्ता लिहून द्या.

स्पीड पोस्ट नको. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं. तिथं घेणाऱ्याची सही लागते, आणि सहीचं टपाल म्हटलं की माणसाला आधी वकिलाची नोटीस आठवते. साधं टपाल सौम्य असतं.

बॉलपेन वापरा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पाकीट कुठंतरी ओलं होतंच, आणि जेल पेनचा पत्ता ओघळून गेला की पोस्टमन तरी काय करणार. शाईचं पेनच आवडत असेल तर आतल्या पानासाठी ठेवा. पाकिटाला स्टेपलरची पिन मारू नका, डिंक लावा.

पत्ता महाराष्ट्रातला असेल तर मराठीत लिहा, चेन्नई-कोलकात्याचा असेल तर इंग्रजीत. पिनकोड मात्र कुठंही असो, इंग्रजी आकड्यांतच. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, शिवाय संस्कृतात कविता करणारे. पहिले तीन आकडे टपाल वर्गवारीचे. ४१६ म्हटलं की फक्त कोल्हापूर नाही, सांगली आणि सिंधुदुर्गही त्यातच येतात, म्हणून शेवटचे तीन आकडे चुकले तर राजारामपुरीचं पत्र कुडाळची हवा खाऊन येऊ शकतं. पाकिटाच्या मागं स्वतःचं नाव-पत्ता लिहायला विसरू नका.

नेम टिकवायचा तर

दिवस ठरवा. महिन्याचा पहिला रविवार बऱ्याच जणांना जमतो. सकाळचा अर्धा तास, पांढऱ्या रश्श्याची फोडणी बसायच्या आत. सोमवारी कामावर जाताना पत्र पेटीत. पेटीवर टपाल काढायची वेळ रंगवलेली असते, ती एकदा बघून ठेवा. पाकिटं आणि तिकिटं सहा महिन्यांची एकदम आणा. नेम मोडतो तो आळसापेक्षा 'तिकीट संपलंय' या कारणानं जास्त.

कोऱ्या कागदासमोर बसून सुचत नाही, म्हणून महिनाभर टिपणं काढा. एसटीत वाचताना एखादं पान आवडलं, रंकाळ्यावर फिरताना कानातल्या गाण्यातली एखादी जागा थांबवून गेली, की तिथंच मोबाईलमध्ये एक ओळ टाका : कोण, काय, कुठं. रविवारी त्या ओळीचं पत्र होतं. कच्चा खर्डा मोबाईलवर करायलाही हरकत नाही, पक्कं तेवढं हातानं उतरवा. एखादा महिना चुकला तर पुढच्या महिन्यात दोन लिहायला जाऊ नका. उधारी चढली की माणूस दुकानच टाळतो.

वहीत प्रत्येक पत्राची एक ओळ : तारीख, नाव, कुठल्या पत्त्यावर, कशाबद्दल, उत्तर. टाकण्याआधी पत्राचा मोबाईलवर फोटो काढा. वर्षभरानं उत्तर आलं तर आपण नेमकं काय विचारलं होतं हे आठवत नाही.

उत्तर आलं, नाही आलं, पत्रच परत आलं

बहुतेकांचं येत नाही. आठवण करून देणारं पत्र लिहू नका, सोशल मीडियावर 'माझं पत्र मिळालं का?' म्हणून गाठू नका. त्याच माणसाला पुन्हा लिहावंसं वाटलं तर सहा महिने जाऊ द्या आणि नवीन काहीतरी वाचल्या-पाहिल्यावर लिहा. दोन पत्रांनंतरही शांतता असेल तर यादीतलं पुढचं नाव घ्या.

कधी सचिवाच्या सहीचं छापील आभारपत्र येतं. तेही वहीत चिकटवा, कुणीतरी पाकीट उघडलं एवढं तर कळलं. हाताचं उत्तर आलं तर आभाराचं पोस्टकार्ड आठवडाभरात, दोनच ओळींचं, आणि त्यात नवा प्रश्न नाही. आलेलं पत्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावायचा मोह होईल. कागद तुमचा झाला असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडंच राहतो. शिवाय त्यानं ते तुम्हाला एकट्याला लिहिलंय. घरच्यांना दाखवा, मित्राला वाचून दाखवा. छापायचं असेल तर आधी विचारा.

पत्र परत आलं तर पाकिटावरचा शेरा वाचा. 'पत्ता अपूर्ण' असेल तर दुरुस्त करा. माणूस तिथून गेला असा शेरा असेल तर नवा पत्ता शोधा. तुमचा पत्ता मागं नसेल तर पत्र सरळ परत येत नाही, ते टपाल खात्याच्या परत-पत्र कार्यालयात जातं. परत आलेलं जुनं पाकीट तसंच पेटीत टाकू नका, त्यावरचं तिकीट वापरून झालेलं असतं. नवं पाकीट, नवं तिकीट. पत्रावरची तारीखही बदला.